पासंग

तराजूचीं दोन्ही पारडीं रिकामीं असतां दांडी एका अंगास किंचित् कललेली दिसली, म्हणजे दुकानदार हलक्या पारड्याखालीं लाखेचा गोळा, चिंचोका किंवा एखादा खडा बांधून ती सरळ करीत असे. या भरीच्या वजनास आपल्या भाषेंत पासंग म्हणतात. पासंग असणें ही कांहीं लबाडी नव्हे. तो मुद्दाम चुकीचा बांधणें ही लबाडी, आणि ती नुसत्या डोळ्यांनीं पाहून कळत नसे. चतुर गिऱ्हाईक त्यावर वाद घालीत बसत नसे. माल डाव्या पारड्यांतून उजव्यांत आणि वजनें उजव्यांतून डाव्यांत टाका, एवढेंच तें सांगे. दोन्ही वेळां दांडी सारखीच राहिली तर तराजू खरा. नाहीं तर कोठें तरी पाणी मुरत आहे, हें सर्वांच्या देखत उघड होई. वाशीम, कारंजा, रिसोड येथल्या बाजारांत आतां विजेचे कांटे आले आणि पारड्यांच्या अदलाबदलीचा विषयच संपला. पुढच्या पिढीस पासंग हा शब्द बहुधा "त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीं" एवढ्या वाक्प्रचारापुरताच ठाऊक राहील.

परंतु त्या जुन्या अदलाबदलींत एक नैतिक प्रश्न दडलेला होता, आणि तो कांट्यांबरोबर नाहींसा झालेला नाहीं. "पारडीं बदला" असें म्हणणें हा दुकानदाराचा अपमान आहे काय? अनोळखी माणसास तसें सांगतांना कोणाला कांहीं वाटत नाहीं. पण पिढीजात ओळखीच्या दुकानदारापुढें जीभ धजत नाहीं. जेथें विश्वास तेथें तपासणी नको, अशी आपली एक ठाम समजूत आहे. भाऊबंदांच्या वांटण्या, संस्थांचे जमाखर्च, लग्नाच्या याद्या या सर्व त्याच समजुतीवर चालतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा पुढें कोर्टांत जातात ही गोष्ट वेगळी. ज्या गोष्टीविषयीं आपली खात्री अगदीं पूर्ण आहे तीच पुन्हां पुन्हां तपासून पाहणें हें श्रद्धेचें लक्षण कीं अश्रद्धेचें, असा हा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधावयास मी वाचकांस जरा दूर, स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराजवळ असलेल्या सर्न या संशोधनसंस्थेंत नेणार आहें. तेथें कांहीं माणसें गेलीं चाळीस वर्षें एकाच तराजूचीं पारडीं बदलून पाहत आहेत.

पॉल डिरॅक यांनीं १९२८ सालीं इलेक्ट्रॉनाचें समीकरण मांडलें, तेव्हां त्यांतून अपेक्षेपेक्षां अधिक उत्तरें निघूं लागलीं. दुसरा एखादा गणिती नको असलेलीं उत्तरें खोडून मोकळा झाला असता. डिरॅक यांनीं तीं खोडलीं नाहींत. १९३१ मध्यें त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, इलेक्ट्रॉनाइतक्याच वस्तुमानाचा पण उलट विद्युत्भाराचा एक कण सृष्टींत असला पाहिजे. पुढच्याच वर्षीं कार्ल अँडरसन यांस विश्वकिरणांच्या छायाचित्रांत तो सांपडला. त्यास पॉझिट्रॉन हें नांव मिळालें. १९३६ सालीं आपल्या होमी भाभांनीं इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले असतां काय होतें याचें गणित प्रसिद्ध केलें, आणि तो आविष्कार आजही जगभर भाभांच्याच नांवानें ओळखला जातो. १९५५ मध्यें बर्कली येथें प्रोटॉनाचाही जोडीदार, प्रतिप्रोटॉन, हातीं आला. हे प्रतिकण कांहीं आकाशांतच असतात असें नाहीं. एकादशीच्या दिवशीं आपण जें केळें खातों त्यांतील पोटॅशियमचा एक अत्यल्प अंश किरणोत्सर्गी असतो, आणि त्यांतून तासा-दोन तासांत एखादा पॉझिट्रॉन बाहेर पडतो. तो फार काळ राहत मात्र नाहीं. कण आणि त्याचा प्रतिकण भेटले कीं दोघेही नाहींसे होतात व मागें केवळ प्रकाश उरतो.

आतां मुख्य सिद्धांताकडे येऊं. सृष्टीच्या नियमांस तीन प्रकारें उलटें करून पाहतां येतें. प्रत्येक कणाच्या जागीं त्याचा प्रतिकण ठेवावा. डाव्याचें उजवें करावें, म्हणजे सर्व कांहीं आरशांत पाहावें. आणि काळाचा ओघ उलटा धरावा. पूर्वीं शास्त्रज्ञांची अशी भावना होती कीं, यांपैकीं कोणतीही एक उलटापालट केली तरी नियम तेच राहतील. आरशाविषयीं तर कोणास शंकाच नव्हती. १९५६ सालीं ली आणि यांग या दोघां तरुण चिनी शास्त्रज्ञांनीं जुने प्रयोग चाळून पाहिले, तेव्हां त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. किरणोत्सर्गास कारण होणाऱ्या दुर्बल बलाच्या बाबतींत हा आरशाचा नियम कोणीं कधीं तपासलाच नव्हता! सर्वांनीं तो गृहीत धरला होता, आणि सर्वांनीं धरला म्हणून प्रत्येकानें धरला होता.

श्रीमती वू यांनीं कोबाल्टचे अणु अत्यंत थंड करून हा प्रयोग हातीं घेतला. वोल्फगांग पाउली हे त्या काळचे सर्वांत कठोर टीकाकार. ईश्वर डावखुरा असेल यावर आपला विश्वास नाहीं, आणि त्यावर मोठी रक्कम पैजेस लावावयास आपण तयार आहों, अशा अर्थाचें पत्र त्यांनीं जानेवारी १९५७ मध्यें एका स्नेह्यास लिहिलें. पत्राची शाई वाळते न वाळते तोंच वू यांचा निकाल आला: सृष्टि खरोखरच डाव्या-उजव्यांत भेद करते. पैज कोणीं घेतली नव्हती म्हणून बरें झालें, असें मग पाउलींनीं दुसऱ्या पत्रांत कबूल केलें. मला या गोष्टींत पाउलींची फजिती महत्त्वाची वाटत नाहीं. एवढा शंकेखोर मनुष्यदेखील एका न तपासलेल्या गोष्टीवर पैसे लावावयास निघाला होता, हें महत्त्वाचें वाटतें. ली व यांग यांस त्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. वू यांस तें मिळालें नाहीं, आणि तेथें तराजू कोणत्या बाजूस कलला होता हें वाचकांनींच ठरवावें.

यानंतर आरसा आणि प्रतिकण या दोन उलटापालटी एकदम केल्या तर समतोल राहील, अशी आशा कांहीं वर्षें टिकली. १९६४ मध्यें क्रोनिन व फिच यांनीं उदासीन के-मेसॉन नांवाच्या कणांवर प्रयोग करून तीही संपविली. हजार विघटनांमागें सुमारें दोन विघटनें त्या नियमाविरुद्ध होत होतीं. आतां उरला शेवटचा बुरूज: तिन्ही उलटापालटी एकसमयावच्छेदेंकरून केल्या तर नियम बदलत नाहींत. हा बुरूज इतरांसारखा नुसत्या समजुतीवर उभा नाहीं. सापेक्षतावाद आणि पुंजवाद हे दोन्ही मान्य केले व कारण-कार्याचा संबंध जागच्या जागीं असतो असें धरलें, म्हणजे तो गणितानें सिद्ध होतो. तो ढासळला तर त्याच्याबरोबर सबंध आधुनिक पदार्थविज्ञानाचा पाया हलेल. आणि तो खरा असेल, तर प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांचें वस्तुमान अगदीं तंतोतंत सारखें असलें पाहिजे. फरक रतिभर नव्हे, रतीच्या कोट्यंशानेंही चालणार नाहीं.

तपासावयाचें कसें? येथें पहिलीच अडचण मोठी आहे. प्रतिप्रोटॉन कशांत ठेवावा? कोणतेंही भांडें घेतलें तरी तें साध्या द्रव्याचेंच असणार, आणि त्याच्या भिंतीस स्पर्श होतांच आंतील वस्तु नष्ट होणार. म्हणजे ती अधांतरीं ठेवली पाहिजे.

अधांतरीं ठेवलेल्या वस्तूची कल्पना वाशीम जिल्ह्यांतील माणसास नवी नाहीं. मालेगांव तालुक्यांतील शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाची प्राचीन मूर्ति आहे. ती भूमीस न टेकतां अंतरिक्षांत राहिली आहे, अशी जैन भाविकांची दृढ श्रद्धा. पूर्वीं तिच्याखालून घोडेस्वार निघून जात असे, आतां वस्त्र सरकविण्याइतकेंच अंतर उरलें आहे, असें परंपरेनें सांगतात. तिच्या आख्यायिकेंत एलिचपूरचा राजा ही मूर्ति गाड्यांतून आपल्या नगरीस नेत होता. मागें वळून पाहूं नकोस अशी त्याला आज्ञा होती. पण मूर्ति मागून येत आहे कीं नाहीं या शंकेनें त्यानें वळून पाहिलें, आणि ती तेथेंच अधांतरीं थांबली. या कथेचा उघड अर्थ, श्रद्धेच्या वस्तूची परीक्षा पाहूं नये, असा आहे. मला मात्र तींत दुसरेंही कांहीं दिसतें. राजानें मागें पाहिलें नसतें तर ती मूर्ति एलिचपुरास पोंचून इतर मूर्तींप्रमाणें चौथऱ्यावर बसली असती. तिचें अंतरिक्षत्व हें त्या शंकेचेंच फळ आहे. आणि जे भाविक तिच्याखालून वस्त्र सरकवून पाहण्याची गोष्ट सांगतात, त्यांच्या बोलण्यांत अविश्वासाचा लवलेश नसतो. वस्त्र सरकविणें हीच तेथें पूजेची एक रीत होऊन बसली आहे.

प्रयोगशाळेंतील अधांतर मात्र दैवी नाहीं. त्याची युक्ति सांगतां येते. बळकट चुंबकीय क्षेत्र विद्युत्भारित कणास लहानशा वर्तुळांत फिरत ठेवतें, त्यामुळें तो बाजूच्या भिंतीकडे जाऊं शकत नाहीं; आणि वरच्या व खालच्या टोकांस लावलेला विजेचा दाब त्यास दोन्ही तोंडांतून निसटूं देत नाहीं. पेनिंग यांच्या नांवानें ओळखला जाणारा हा सांपळा हान्स डेमेल्ट यांनीं पूर्णत्वास नेला व त्याबद्दल १९८९ चें नोबेल पारितोषिक त्यांस विभागून मिळालें. १९८४ मध्यें त्यांनीं एकच एक पॉझिट्रॉन सुमारें तीन महिने अशा सांपळ्यांत जपून ठेवला, आणि त्याचें नांव प्रिसिला ठेवलें. एवढ्या दीर्घ सहवासानंतर शास्त्रज्ञही मूर्तीस नांव देतोच! १९८७ मध्यें इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या चुंबकत्वाची तुलना डेमेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक लाख कोटि भागांत दोन भागांपर्यंत केली. फरक आढळला नाहीं.

प्रतिप्रोटॉन सांपळ्यांत धरण्याचें काम १९८६ पासून सर्न येथें चाललें आहे. तेथील बेस या प्रयोगानें त्यांना ४०५ दिवसपर्यंत सांभाळून दाखविलें. सांपळ्यांत फिरणाऱ्या कणाचे सेकंदास किती फेरे होतात हें मोजलें कीं त्याच्या भाराचें वस्तुमानाशीं असलेलें प्रमाण कळतें. हे फेरे जवळजवळ तीन कोटि भरतात. पण प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांचे भार परस्परविरुद्ध, म्हणून एकामागून दुसरा मोजतांना विजेचा दाब उलटा करावा लागेल, आणि त्या उलटापालटींत सांपळ्याचाच पासंग बदलेल. यावर काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. प्रोटॉनाच्या जागीं त्यांनीं दोन इलेक्ट्रॉन बाळगणारा हायड्रोजन घेतला. त्याचा भार प्रतिप्रोटॉनासारखाच ऋण असतो, आणि दोन इलेक्ट्रॉनांचें वजन अचूक ठाऊक असल्यामुळें तें वजा करतां येतें. म्हणजे दोन्ही वस्तु एकाच पारड्यांत, त्याच दांडीला, आळीपाळीनें घालावयाच्या. सुमारें दीड वर्षांत अशा चोवीस हजार तुलना करून २०२२ मध्यें त्यांनीं निकाल प्रसिद्ध केला: एक लाख कोटि भागांत सोळा भागांपर्यंत दोन्ही सारखे. पृथ्वीची संपूर्ण प्रदक्षिणा मोजावी आणि चूक खसखशीच्या दाण्याहूनही लहान असावी, असें हें मोजमाप आहे.

शेजारच्याच आल्फा या प्रयोगांत प्रतिप्रोटॉन व पॉझिट्रॉन एकत्र आणून प्रतिहायड्रोजनाचे अणु बनवितात व चुंबकाच्या सांपळ्यांत धरतात. ते ज्या प्रकाशास प्रतिसाद देतात त्याची तुलना साध्या हायड्रोजनाच्या प्रकाशाशीं केली, तेव्हां २०१८ पर्यंत तींतही फरक सांपडला नव्हता. २०२३ मध्यें त्यांनीं सांपळ्याचीं वरचीं-खालचीं दारें सैल करून प्रतिद्रव्य पडतें कोणत्या दिशेस हें पाहिलें. तें खालींच पडलें. कांहीं वाचक हंसतील. दुसरीकडे कोठें पडणार होतें? पण १९५७ पूर्वीं आरशाविषयींही लोक असेंच विचारीत होते.

या सर्व समतेमागें एक कोडें उभें आहे. कण आणि प्रतिकण जोडीनेंच जन्मतात व जोडीनेंच मरतात. विश्वाच्या आरंभींच्या प्रचंड उष्णतेंत दोन्ही सारख्याच प्रमाणांत असते, तर सर्व एकमेकांस गिळून प्रकाशरूप झाले असते. ना तारा, ना पृथ्वी, ना शिरपूरचा पाषाण. तसें झालें नाहीं. अब्ज जोड्यांमागें सुमारें एक कण अधिक राहिला, आणि त्या उरलेल्या कणांचें आपण सर्व बनलेलों आहों. विश्वाच्या तराजूच्या एका पारड्याखालीं कोणीं तरी, किंवा कशानें तरी, हा खडा बांधला होता. १९६४ सालीं सांपडलेली विषमता हा हिशेब पुरा करण्यास फारच अपुरी पडते. म्हणून जेथें जेथें समता अगदीं निर्दोष दिसते तेथें तेथें हे लोक अधिक बारीक कांटा घेऊन जातात. त्यांना समता खोटी ठरवावयाची नाहीं. आपण का आहों याचें कारण पाहिजे आहे.

येथें एक आक्षेप येणार, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. २००६ मध्यें पंतप्रधानांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें खास साहाय्य जाहीर केलें, त्यांत वाशीम होता. २०१८ मध्यें मागास म्हणून देशांतील जे जिल्हे आकांक्षित ठरले, त्यांतही वाशीम होता. अशा ठिकाणीं बसून, दोन सारख्या वस्तु सारख्याच आहेत हें ठरविण्यासाठीं होणाऱ्या अवाढव्य खर्चाचें कौतुक करावें हें सभ्यपणास शोभतें काय? भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सभासद आहे, म्हणजे त्या खर्चांत आपलाही वांटा आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी मोजण्यासाठीं २,६०० कोटि रुपयांच्या वेधशाळेस केंद्र सरकारनें २०२३ मध्यें मंजुरी दिली. कापसाला भाव नाहीं आणि लहरींना कोट्यवधि, असें कोणी म्हटलें तर त्यास मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाहीं.

या आक्षेपास सामान्यतः दिलें जाणारें उत्तर मला अर्धेंमुर्धें प्रामाणिक वाटतें. पॉझिट्रॉनाच्या साहाय्यानें कर्करोगाची चित्रें घेतां येतात, तेव्हां उद्यां यांतूनही कांहीं उपयोगी निघेल, असें सांगतात. निघेलही, पण कोणीही त्या हेतूनें प्रतिप्रोटॉनाचे फेरे मोजीत नाहीं, आणि जो हेतु नाहीं त्याच्या नांवानें पैसे मागणें बरें नव्हे. शेतकऱ्याचें देणें वेगळें आहे व तें आधीं द्यावें. तें देण्याच्या आड वेधशाळा येत नाहीं, दुसऱ्या अनेक गोष्टी येतात, आणि त्या गोष्टींचा हिशेब आपण मागत नाहीं. माझें उत्तर याहून संकोचाचें आहे. आपल्या सर्वांत प्रिय सिद्धांतास रोज तराजूंत घालणारा आणि तो उणा भरला तर आनंदानें जाहीर करीन असें म्हणणारा दुसरा समाज मला आज कोठें दिसत नाहीं. धर्मांत दिसत नाहीं, राजकारणांत तर नाहींच, आणि आम्हां अध्यापकांच्या मंडळांतही क्वचित्. हा एक नमुना जगांत कोठें तरी चालूं राहावा, याला मी किंमत देतों. ती किती रुपये द्यावी हें ठरवितांना मात्र माझा आणि त्या शेतकऱ्याचा आंकडा एक येणार नाहीं, हेंही मी जाणून आहें.

शिवाय या प्रयोगांत नऊ दशांश श्रम वस्तु तपासण्यांत जात नाहींत, तराजू तपासण्यांत जातात. आणि तराजूंत मोजणारा मनुष्यही धरलेला असतो. अमेरिकेंतील फर्मिलॅब येथें म्यूऑन या कणाचें चुंबकत्व मोजतांना प्रयोगाच्या घड्याळाची खरी गति बाहेरच्या दोघां व्यक्तींनीं ठरवून गुप्त ठेवली होती. मोजणारांस आपलें उत्तर इष्ट त्या बाजूस झुकत आहे कीं नाहीं हें कळूंच नये, हा त्यांतला उद्देश. सर्व गणित पुरें झाल्यावर २०२१ मध्यें तो लखोटा उघडला. यांत कोणाचा अपमान झाला असें कोणास वाटलें नाहीं. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवरील नांव आम्ही झांकतों तेंही याच कारणासाठीं, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या परीक्षकीत त्याबद्दल रुसलेला प्रामाणिक परीक्षक मीं पाहिलेला नाहीं.

मग माणसामाणसांतील समतेचें काय? ती तपासून पाहावी काय? येथें दृष्टान्त जपून लावला पाहिजे. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन आपण इच्छा करो वा न करो, सारखे आहेत किंवा नाहींत. दोन माणसें कोणत्याच कांट्यावर सारखीं भरणार नाहींत, आणि भरलीं नाहींत म्हणून कोणाचा हक्क उणा होत नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें आपणांस जी समता दिली ती मोजून दिलेली नाहीं, संकल्प करून दिलेली आहे. म्हणून तेथें तपासावयाचीं तीं माणसें नव्हेत. तपासावयाचा तो तराजू. मुलाच्या ज्या उद्धटपणास आपण तेज म्हणतों, तोच मुलीनें केला तर काय म्हणतों? स्वजातीयाच्या ज्या चुकीस अनवधान म्हणतों, तीच परक्याकडून झाली तर? माल तोच, फक्त पारडें बदलावयाचें. ही अदलाबदल करावयास चुंबक लागत नाहीं, आणि तरी ती आपण प्रतिप्रोटॉनाच्या मानानें फारच क्वचित् करतों. "आम्ही सर्वांना सारखें मानतों" हें वाक्य मीं कितीदां तरी ऐकलें आहे. तें बोलणाऱ्यांपैकीं कोणीं पारडीं बदलून दाखविल्याचें थोडेंच पाहिलें आहे.

सर्न येथील मंडळींना अलीकडे एक नवी अडचण भासूं लागली. प्रतिप्रोटॉन जेथें तयार होतात त्या दालनांतील मोठमोठ्या चुंबकांची धडधड मोजमापास बाधूं लागली. तराजू जेवढा नाजूक, तेवढा त्यास शेजार सोसत नाहीं. म्हणून सांपळाच उचलून एखाद्या निवांत जागीं न्यावा असें ठरलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें रंगीत तालीम म्हणून ७० प्रोटॉन सांपळ्यांत घालून, सांपळा मालमोटारीवर चढवून, संस्थेच्या आवारांतील रस्त्यांवरून फिरवून आणले. रस्त्यांतले धक्के खाऊनही ते कोठेंही न टेकतां अधांतरींच राहिले होते.